येऊ दे, येऊ दे, बस्स

ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांनी सूनबाईला पुढे जायला शिकवलं आणि मागे यायचं गृहपाठाला दिलं. "रिव्हर्सला क्लच जळतो," ते म्हणाले. "तो तुमचा तुम्ही घरच्या गाडीवर जाळा. माझ्या गाडीवर अजून बरीच मंडळी शिकायची आहेत."

परीक्षेत नेमका कस लागायचा तो मागे येण्यातच. मैदानावर पांढऱ्या रेघांचा एक लांबट चौकोन आखलेला, चारी कोपऱ्यांवर रिकामी पिंपं. त्यात गाडी उलटी न्यायची. रेघेला चाक लागता कामा नये, पिंपाला अंग लागता कामा नये, गाडीचं नाक रेघेच्या आत आलं पाहिजे. मध्ये एकदा थांबलेलं चालतं. पुन्हा पुढे घेतली की नापास. पहिल्या खेपेला सूनबाईने पिंप आडवं केलं होतं. ते गडगडत थेट परीक्षकाच्या खुर्चीपाशी जाऊन थांबलं आणि परीक्षकाने न उठता पायानेच ते परत लोटून दिलं, इतकी त्याला सवय होती.

तेव्हा तिला फक्त लाज वाटली होती. आता मात्र लाजेपेक्षा मोठी गोष्ट अडली होती.

सूनबाई पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. नदीच्या वेगवेगळ्या ठिकाणांहून व्हॅनमधून बाटल्या यायच्या, ती त्यातलं पाणी तपासायची आणि आकडे मॅडमच्या टेबलावर ठेवायची. एकदा तिच्या लक्षात आलं की नदी उगमापासून गावाच्या गटारापर्यंत एकसारखीच स्वच्छ आहे. क्षाराचा आकडासुद्धा दशांश चिन्हापुढे तोच. अशी नदी जगात कुठेही असती तर लोक तिला बघायला लांबून आले असते. मग तिने जाता जाता प्रयोगशाळेच्या फाटकाजवळच्या नळाचं पाणी तपासलं. आकडा तोच. व्हॅनवाले काका बारा गावचं पाणी प्यायलेले होते, पण भरून आणत होते एकाच नळाचं.

काका आता निवृत्त होत होते. व्हॅन चालवून नमुने स्वतः आणेल असं माणूस हवं होतं, आणि जागेवर डोळा होता स्टोअरकीपरचा, कारण त्याचं घर व्हॅनच्या वाटेवर होतं. सूनबाईने त्याला नळाची गोष्ट सांगितली तर तो शांतपणे म्हणाला, "पाणी ते पाणी. नदीचं काय नि नळाचं काय, शेवटी बाटलीतच जायचं ना?" त्याच्याकडे लायसन्स होतं. मॅडम वाईट नव्हत्या, पण घाईत होत्या. "शनिवारपर्यंत लायसन्स दाखव, व्हॅन तुझी," त्या म्हणाल्या. "नाहीतर मी त्याचं नाव लिहून मोकळी होते." परीक्षेची पुढची तारीख शुक्रवारची होती.

नवऱ्याने एकदा शिकवायला घेतलं होतं. पहिल्या वळणावर तो "ब्रेक" म्हणाला, दुसऱ्यावर "अगं ब्रेक" म्हणाला, आणि तिसऱ्यावर काहीच न बोलता उतरून चालत घरी गेला. संसार टिकवायचा तर गाडीचा विषय काढायचा नाही, असं दोघांनी त्यानंतर समजुतीने ठरवलं. त्यातून त्याची कारखान्यात पाळी. मग उरलं इमारतीमागचं अंगण, आणि सासरे.

सासरे शाळेत कवायतीचे मास्तर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण आवाज अजून नोकरीत होता. अंगणात कुणाच्याही गाडीचा मागचा पांढरा दिवा लागला की मास्तर जेवणावरून उठायचे. गाडीमागे पाय फाकवून उभे राहायचे, दोन्ही तळवे स्वतःकडे ओढत "येऊ दे, येऊ दे, येऊ दे" म्हणायचे आणि मग हवेला एक चापट मारून "बस्स". त्यांनी आयुष्यात कुठलंच वाहन चालवलं नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, "यांना साधी सायकल कधी मागे घेता आली नाही." मास्तर त्यावर म्हणायचे, "सायकलला रिव्हर्स नसतो," आणि सासूबाई म्हणायच्या, "तेच तर सांगतेय."

घरच्याच सुनेला रिव्हर्स शिकवायचा आहे म्हटल्यावर मास्तरांनी शाळेतली विद्या बाहेर काढली. अंगणात फक्की टाकून परीक्षेसारखा चौकोन आखला, कोपऱ्यांवर सासूबाईंच्या चार बादल्या मांडल्या आणि स्वतः मागे जाऊन उभे राहिले.

"मी दिसतोय का आरशात?"

"अर्धे दिसताय, बाबा. कमरेखालचे."

"मग आरसा वर कर. हात दिसले पाहिजेत. बाजूचे पण कर."

सूनबाईने तिन्ही आरसे वर केले. आता त्यांत मास्तर नीट दिसायला लागले, छातीपासून टोपीपर्यंत.

दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरचा चष्मेवाला दुकान तसंच टाकून आला आणि गाडीच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिला. "मास्तर, तुम्ही एक अंग बघा, एक अंग मी बघतो. दोन डोळे असताना एकाने काय बघायचं? माझा तर धंदाच तो." तिसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून मावशी बोलायला लागल्या, कारण त्यांना वरून सगळं दिसायचं. पाचामुखी परमेश्वर म्हणतात; इथे तीनच मुखं होती, पण गोंधळ पाचांचा होता. मास्तर "डावीकडे" म्हणायचे ते स्वतःच्या डावीकडे. चष्मेवाला म्हणायचा ते गाडीच्या. मावशी तर गॅलरीत ज्या बाजूला तोंड करून कपडे वाळत घालत असतील त्याप्रमाणे डावं-उजवं बदलायच्या. एका संध्याकाळी सूनबाईने तिघांचंही ऐकलं आणि गाडी चौकोनात आडवी बसवली.

मग जिन्यात बैठक झाली. मास्तर अध्यक्ष, चष्मेवाला चिटणीस, मावशी पायरीवर भाजी निवडत सभासद. जिच्यासाठी बैठक होती तिला बोलावलं नव्हतं, ती पाणी भरायला खाली आली म्हणून तिला कळलं.

"डावं-उजवं हा शब्दच काढून टाका," चष्मेवाला म्हणाला. "या बाजूला जिना आहे, त्या बाजूला पाण्याची टाकी. जिन्याकडे किंवा टाकीकडे. संपला वाद. जिना काही कुणाच्या बघण्यावरून फिरत नाही."

"वा," मास्तर म्हणाले. "इतक्या वर्षांत शाळेत हे सुचलं नाही."

सूनबाईलाही त्या वेळी ते पटलं, हे कबूल केलं पाहिजे. स्थिर चौकट घ्या आणि तिच्या आधाराने दिशा सांगा, यात शास्त्राच्या दृष्टीने काही खोट नव्हती. आणि दुसऱ्या दिवसापासून गाडी खरोखर सुतासारखी सरळ यायला लागली. "टाकीकडे, टाकीकडे, थोडं जिन्याकडे, येऊ दे, येऊ दे, बस्स." बादलीपासून बोटभर अंतरावर. मावशींनी वरून टाळ्या वाजवल्या. चष्मेवाला गिऱ्हाइकांना डोळे तपासायच्या आधी सुनेचा रिव्हर्स दाखवायला मागे आणू लागला.

बुधवारी दुपारी सूनबाई लवकर घरी आली. मास्तर दात काढायला गेले होते, चष्मेवाल्याकडे गर्दी होती, मावशींची गॅलरी बंद. अंगण रिकामं पाहून तिला बरं वाटलं. तिने गाडी काढली, रिव्हर्स टाकला, आणि वाट बघत बसली.

कशाची वाट बघतोय, हे तिचं तिलाच कळायला थोडा वेळ लागला. मग ती तशीच मागे आली. माणसाने अंधारात चाचपडत जिना उतरावा तशी आली, आणि शेवटच्या पायरीसारखी बादली आली. प्लास्टिकचा आवाज आला. दुसऱ्या प्रयत्नात टाकीचा पाइप थोडक्यात वाचला.

ती उतरली आणि फुटलेली बादली हातात घेऊन उभी राहिली. गेले कित्येक दिवस हे हात सफाईने काम करत होते. आज तेच हात, तीच गाडी, तोच चौकोन. फरक एवढाच की मागे कुणी नव्हतं. एका निरीक्षणावर निष्कर्ष काढायचा नाही, हे तिला शिकवलेलं होतं. म्हणून संध्याकाळी मंडळ जमल्यावर तिने उलटा प्रयोग केला. कुणाला न सांगता बाजूचे दोन्ही आरसे मिटवून टाकले आणि आतला छताकडे वळवला.

"जिन्याकडे, जिन्याकडे, येऊ दे, बस्स."

गाडी बोटभर अंतरावर थांबली. टाळ्या झाल्या. आरसे मिटलेले आहेत हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही, चष्मेवाल्याच्यासुद्धा नाही.

निष्कर्ष स्वच्छ होता. गाडी ती चालवतच नव्हती. गाडी मास्तर चालवत होते, चष्मेवाला चालवत होता, मावशी भाजी निवडता निवडता चालवत होत्या. ती फक्त या तिघांना जोडलेली एक तार होती. आणि परीक्षेच्या नियमात पहिलंच वाक्य होतं: गाडीच्या मागे कोणीही उभं राहू नये.

रात्री जेवताना तिने हे सासऱ्यांना सांगायचा प्रयत्न केला. मास्तरांच्या गालात कापसाचा बोळा होता, त्यामुळे ते नेहमीपेक्षा जरा जास्त ऐकत होते.

"बाबा, तुम्ही नसलात की मला येत नाही."

मास्तरांचे डोळे भरून आले. शाळेतल्या एकाही पोराने त्यांना असं म्हटलं नव्हतं.

"कौतुक नाही करत आहे, बाबा. अडचण सांगतेय. परीक्षेला तुम्ही नसणार."

"कोण म्हणतं?" मास्तर बोळ्याच्या कडेने म्हणाले. "येतो ना मी."

"मागे उभं राहायला बंदी आहे."

"कुंपणाबाहेर राहीन. आवाज पोचवायचं माझ्यावर सोड. चार वर्गांना एकदम सावधान करायचो मी."

"अहो, तिला स्वतःला बघून यायला हवं ना," सासूबाई म्हणाल्या.

"बघेलच की. मला बघेल."

सासूबाईंनी सुनेच्या पानात भात वाढला. नवरा खाली मान घालून जेवत होता. त्याने गाडीच्या विषयावर न बोलण्याचं वचन दिलेलं होतं आणि असलं वचन पाळायला त्याला कधी जड जात नसे.

गुरुवारी पहाटे मंडळ उठायच्या आत सूनबाई एकटी खाली आली. आरसे खाली केले. मास्तरांच्या जागी आता आरशात मागचं चाक होतं, फक्कीची रेघ होती, आणि दोन्हींमधली एक पट्टी. पट्टी रुंद होत गेली की गाडी लांब जातेय, निमुळती होत गेली की जवळ येतेय. इतकी साधी गोष्ट होती ती. इतके दिवस त्या जागी टोपी दिसत होती. ती हळूहळू आली, बादली पाडली, पुन्हा आली, पाडली नाही. एकदा जमलं, एकदा नाही, पुन्हा जमलं. तेवढ्यात जिन्यातून खोकला ऐकू आला आणि "आलोच, थांब" असा आवाज. पाठोपाठ चष्मेवाल्याचं शटर वर गेलं. सराव तिथेच संपला. पुढे दिवसभर येऊ दे, येऊ दे.

शुक्रवारी नवरा रात्रपाळी करून तसाच आला, सासूबाई सोडून सगळ्यांना गाडीत घालून परीक्षेच्या मैदानावर घेऊन गेला आणि ऑफिसच्या बाकावर बसल्या बसल्या झोपला. मास्तरांनी धुतलेली टोपी घातली होती. चष्मेवाला गळ्यात दुर्बीण अडकवून आला होता. मावशींना वरून बघायची सवय, म्हणून त्यांनी कुंपणाजवळची एक विटांची रास पसंत केली.

पण कुंपणापाशी जागाच नव्हती. आपल्याच घरात हे खूळ आहे, असं सूनबाईला इतके दिवस वाटत होतं. तिथे पाहते तर प्रत्येक उमेदवारामागे एकेक मंडळ. कुणाचे काका, कुणाची आत्या, कुणाचे मेहुणे दोन जोड्यांनी. तारेच्या जाळीला बोटं अडकवून सगळे उभे, आणि आत एक गाडी मागे यायला लागली की सगळे एका सुरात, "येऊ दे, येऊ दे." गाडी कुणाची याच्याशी कुणाला कर्तव्य नव्हतं. सूनबाईच्या आधीची मुलगी व्यवस्थित येत होती, तेवढ्यात कुणाचा तरी मामा दुसऱ्याच कुणाला तरी उद्देशून "बस्स" म्हणाला आणि ती बिचारी निम्म्या वाटेत थांबली. मग तिचे वडील ओरडले, "तो आपला मामा नाही गं." ती घाबरून पुढे गेली. नापास.

परीक्षक पेनाचं टोपण चावत बसला होता. एवढ्या कल्लोळात त्याने एकदाही कुंपणाकडे मान वळवली नाही. धबधब्याशेजारी राहणाऱ्या माणसाला पाणी ऐकू येत नाही, तसं त्याचं झालं असावं.

"घ्या मागे," तो म्हणाला.

सूनबाईने आरशात पाहिलं. नवरा गाडीतून उतरल्यावर कुणीतरी प्रेमाने तिन्ही आरसे वर करून ठेवले होते. कुंपणाच्या जाळीपलीकडे मास्तर दिसत होते, दोन्ही तळवे छातीशी तयार. त्यांची नजर आरशात तिच्या नजरेला मिळाली आणि त्यांनी मान हलवली: घाबरू नको, मी आहे.

तिने हात वर करून आतला आरसा खाली ओढला. आधी टोपी गेली, मग चेहरा, मग तळवे. बाजूचे आरसे खाली करताना तिने कुंपणाकडे पाहिलंच नाही. आता आरशात चाक होतं आणि रेघ होती.

गाडी हलली. मागून सगळं मैदान उठलं.

"येऊ दे, येऊ दे, येऊ दे."

"जिन्याकडे," मास्तरांचा आवाज सगळ्यांच्या वर. "जिन्याकडे."

"कुठला जिना?" कुणाची तरी आत्या म्हणाली.

"टाकीकडे, टाकीकडे," दुर्बीण डोळ्याला लावून चष्मेवाला.

"इथे टाकी कुठंय?" कुणीतरी विचारलं, आणि कुंपणाजवळचे चार-पाच जण मदतीच्या भावनेने टाकी शोधायला लागले.

पट्टी निमुळती झाली. सूनबाईने स्टिअरिंग किंचित फिरवलं. पट्टी पुन्हा सारखी झाली. आणि त्या क्षणी मास्तरांचा "बस्स" आला, चार वर्गांना एकदम सावधान करणारा.

तिचा पाय तिला न विचारता ब्रेकवर गेला. गाडी थांबली. परीक्षकाने टोपण तोंडातून काढलं. एकदा थांबायची परवानगी होती, ती संपली.

तिने आरशात पाहिलं. मागचं पिंप आणि गाडी यांच्यात अजून चांगली हातभर जागा होती, आणि गाडीचं नाक नक्कीच रेघेच्या बाहेर होतं. जिथे थांबली होती तिथे थांबली तर नापास. सासरे म्हणत होते बस्स. मामा, मेहुणे, आत्या, सगळं कुंपण आता बस्स, बस्स म्हणत होतं, जणू काही गाडी त्यांच्याच घरात शिरत होती. आयुष्यात तिने सासऱ्यांना उलट उत्तर दिलं नव्हतं. तशी कधी वेळच आली नव्हती, कारण ते चांगले होते. आत्तासुद्धा ते चांगलेच होते. फक्त चुकत होते.

तिने ब्रेक सोडला. गाडी त्या सगळ्या बस्सच्या अंगावरून हळूहळू मागे गेली, जागा निम्मी झाली, वीतभर झाली, आणि मग तिने तिच्या मनाने गाडी थांबवली.

कुंपण गप्प झालं. परीक्षक उठला, गाडीभोवती फिरला, वाकून पुढच्या रेघेकडे पाहिलं आणि कागदावर शिक्का मारला. त्या दिवशी त्याने विचारलेला बहुधा हा एकच प्रश्न असेल: "तुम्हाला ऐकू कमी येतं का?"

"नाही," ती म्हणाली.

"मग ठीक आहे," तो म्हणाला, आणि पुढच्याला बोलावलं.

सूनबाईने मॅडमना कागदाचा फोटो पाठवला. मॅडमचं उत्तर लगेच आलं: सोमवारी सातला व्हॅन, बाटल्या उकळून ठेव. तिने ते दोनदा वाचलं. मग मान वर केली तर मास्तर टोपी हातात घेऊन समोर उभे होते.

"मी बस्स म्हणालो होतो."

"ऐकलं मी, बाबा."

"मग?"

"हातभर जागा होती अजून."

"लांबून तसा अंदाज येत नाही," मास्तर म्हणाले, आणि टोपी पुन्हा डोक्यावर घातली. चष्मेवाला दुर्बिणीची काच पुसायला लागला. मावशी म्हणाल्या, "पास झाली ना? मग बसा की गाडीत," आणि नवऱ्याला उठवायला गेल्या.

परतताना गाडी तिने चालवली. नवरा, चष्मेवाला, मावशी मागे; मास्तर तिच्या शेजारी. नवरा सोडून मागचे दोघे आपापल्या परीने पास झाले होते. "मी टाकीकडे म्हणालो म्हणून ती सावरली," चष्मेवाला सांगत होता. मावशींच्या मते त्यांनी वेळेवर हात वर केला होता, तोच कामी आला. बऱ्याच वेळाने मास्तरांनी मान वाकडी करून तिच्या बाजूच्या आरशात डोकावलं.

"यात मी दिसायचो?"

"हो."

"सगळा?"

"टोपीसकट."

"आणि रेघ?"

सूनबाईने समोर बघत गाडी चालवली. मास्तरांना उत्तर मिळालं असावं, कारण त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

अंगणात शिरताना तिने गाडी थांबवली, तसे चष्मेवाला आणि मावशी सवयीने दोन्हीकडचे दरवाजे उघडून खाली उतरले. मावशी जिन्याकडे गेल्या, चष्मेवाला टाकीकडे. मास्तरांचा हात दरवाजाच्या कडीवर गेला. मग तो परत आला. त्यांनी दोन्ही तळवे मांडीखाली दाबून धरले, शिक्षा झालेल्या मुलासारखे.

पांढरा दिवा लागला. चष्मेवाल्याने पाय फाकवले, तळवे वर केले. मास्तरांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि शाळेतल्या आवाजात म्हणाले, "अरे बाजूला हो. तिला रेघ दिसत नाहीये."

चष्मेवाला इतका चमकला की थेट दुकानात गेला. सूनबाई मागे यायला लागली. मास्तर ताठ बसून समोर बघत होते, पण त्यांचा उजवा पाय जिथे ब्रेक नव्हता तिथे शेवटपर्यंत दाबलेला होता. गाडी बादल्यांच्या मधोमध येऊन थांबली, इंजिन बंद झालं, आणि तरी कुणी "बस्स" म्हणालं नाही.

थोड्या वेळाने सासूबाई केराची टोपली घेऊन जिन्यातून खाली आल्या आणि गाडी पाहून दचकल्या.

"तुम्ही कधी आलात?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, कुणीच आलेलं नाही अजून."